यकृतातील छाया आणि तिचा अर्थ



कर्करोगाच्या उपचारासाठी अर्थसाह्य मागणारे अर्ज कोणत्याही विश्वस्त संस्थेस अपरिचित नसतात. अर्जासोबतच्या कागदांत बहुधा सोनोग्राफीचा एक अहवाल असतो आणि त्याच्या शेवटच्या ओळीत ‘लिव्हर मेट्स’ असे दोन शब्द असतात. हे दोन शब्द घरात आले की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काही कुटुंबे फाईल बांधून कपाटात ठेवतात. वडीलधाऱ्यांना काही सांगायचे नाही, जितके दिवस आहेत तितके सुखाने जावोत, असे ठरते. काही कुटुंबे त्याच रात्री गाडी काढून मुंबई गाठतात आणि जी सर्वांत महाग तपासणी असेल ती आधी करून घेतात. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न तसाच राहतो. यकृतात जी छाया दिसली ती नेमकी कशाची आहे, अशा छाया किती आहेत, कोठे आहेत आणि त्या वगळता निरोगी यकृत किती उरते, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याविना आशा धरणेही घाईचे आणि ती सोडणेही घाईचे. ही उत्तरे आज प्रतिमा-तपासण्यांतून बऱ्याच अंशी मिळू शकतात. ती कशी मिळतात, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला म्हणजे रुग्णाला ‘यकृताचा कर्करोग’ झाला, असे नव्हे. यकृतातील ती गाठ आतड्याच्याच पेशींची असते. तिचे गुणधर्म आणि तिच्यावरील औषधे आतड्याच्या कर्करोगाची असतात. स्तनाचा कर्करोग यकृतात गेला तरी तो स्तनाचाच राहतो. व्यवहारात याला ‘सेकंडरी’ म्हणतात, आणि अहवालातील ‘मेट्स’ म्हणजेच सेकंडरी गाठी.

या गाठी यकृतातच का वस्ती करतात? पचनसंस्थेतील जवळजवळ सर्व रक्त हृदयाकडे परत जाण्यापूर्वी यकृतातून गाळून जाते. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांचे रक्त ज्या मोठ्या शिरेतून यकृतात येते तिला पोर्टल शीर म्हणतात. यकृताच्या एकूण रक्तपुरवठ्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या शिरेतून येते आणि उरलेले सुमारे एक चतुर्थांश शुद्ध रक्ताच्या रोहिणीतून. आतड्यातील गाठीपासून सुटलेल्या पेशीला पहिला मुक्काम यकृताचाच पडतो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात निदानाच्या वेळीच साधारणतः पाच ते चार रुग्णांमागे एकाच्या यकृतात प्रसार आढळतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. अर्थात केवळ वाट सोयीची आहे एवढ्यावर बीज रुजत नाही. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात बीज आणि माती यांची उपमा देऊन हेच मांडले होते. यकृताची माती या बीजाला मानवते, हे दुर्दैव.

दुहेरी रक्तपुरवठ्याची ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सारी करामत तिच्यावरच उभी आहे.

विल्हेल्म रॉन्टजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले, पण साध्या क्ष-किरण चित्रात यकृत म्हणजे एक सलग करडा पट्टा. त्यातील गाठ दिसत नाही. यकृताच्या आत डोकावण्याची सोपी वाट ध्वनीलहरींनी दाखवली. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी कारखान्यांत धातूतील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे यंत्र मानवी पोटावर वापरून पाहिले आणि १९५८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून काम केलेल्या मंडळींना वेल्डिंगमधील फट ध्वनीलहरींनी शोधण्याची पद्धत ठाऊक असेल. सोनोग्राफी हे तिचेच भावंड होय. ही तपासणी स्वस्त आहे, निर्धोक आहे, गावोगावी उपलब्ध आहे. परंतु ती करणाऱ्याच्या हातावर आणि रुग्णाच्या अंगलटीवर अवलंबून असते. स्थूल देह, आतड्यातील वायू किंवा चरबी साठलेले यकृत असेल तर लहान गाठी नजरेतून निसटतात. म्हणून सोनोग्राफीने संशय व्यक्त करावा. निकाल देण्याचे काम तिच्यावर टाकू नये.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या अभियंत्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सी. टी. स्कॅन झाले. हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हते, ई. एम. आय. कंपनीत नोकरीस होते. १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. सी. टी. मध्ये शरीराचे पातळ काप केल्याप्रमाणे चित्र मिळते. तथापि, साध्या सी. टी. तही गाठ आणि यकृत यांचा रंग पुष्कळदा सारखाच दिसतो. मलमलीचे ठाण घडीत पाहिले तर विणीतील तूट कळत नाही, ते उजेडासमोर धरावे लागते. त्याप्रमाणे येथे शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडून यकृत ‘उजळावे’ लागते. यालाच कॉन्ट्रास्ट म्हणतात.

औषध शिरेत गेल्यावर साधारण पंचवीस ते पस्तीस सेकंदांत ते रोहिणीतून यकृतात पोहोचते. या क्षणी घेतलेले चित्र रोहिणीच्या रक्ताचे. साठ ते सत्तर सेकंदांनी औषध आतड्यांतून फिरून पोर्टल शिरेतून येते. तेव्हा सारे यकृत एकसारखे उजळते. काही मिनिटांनी औषध ओसरू लागते, तेव्हा आणखी एक चित्र घेतात. सेकंडरी गाठी आपले रक्त मुख्यतः रोहिणीतून घेतात, पोर्टल शिरेतून फारसे नाही. म्हणून आतड्याच्या कर्करोगाची गाठ दुसऱ्या चित्रात उजळलेल्या यकृतावर काळसर डागासारखी उठून दिसते. उलट मूत्रपिंड, थायरॉईड किंवा न्यूरोएंडोक्राइन जातीच्या गाठी रक्ताने इतक्या समृद्ध असतात की त्या पहिल्याच चित्रात लख्ख चमकतात आणि दुसऱ्या चित्रात आसपासच्या यकृतात मिसळून अदृश्यही होऊ शकतात. एकच वेळ साधून काढलेल्या चित्रात अशी गाठ हरवली तर दोष यंत्राचा नसतो. अशा रुग्णासाठी ‘ट्रायफेजिक’, म्हणजे तीन वेळांचे सी. टी., का सांगितले जाते, हे यावरून ध्यानात यावे. चिठ्ठीवर केवळ ‘सी. टी. पोट’ लिहिले असेल, तर तपासणीपूर्वी मूळ रोग कोणत्या अवयवाचा आहे हे क्ष-किरणतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. तपासणी केंद्रात पैसे भरून मुकाट बाकावर बसून राहण्याची सवय या एका बाबतीत तरी सोडून दिली पाहिजे.

आता प्रत्येक छाया कर्करोगाचीच असते काय? मुळीच नाही. यकृतात पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, असणे सामान्य आहे. रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी गुच्छ, ज्यांना हिमॅन्जिओमा म्हणतात, ते अनेक निरोगी माणसांत आयुष्यभर असतात आणि त्यांचा त्रास होत नाही. औषध सोडल्यावर हिमॅन्जिओमा कडेकडेने उजळत मध्याकडे भरत जातो. ही चाल ओळखली की निदान होते. चरबी एखाद्याच भागात साठली तरी डाग दिसतो. आपल्या देशात अमिबाजन्य गळू आणि क्षयरोग यांचाही विचार करावा लागतो, आणि हे दोन्ही औषधांनी बरे होणारे आजार आहेत. एक सेंटिमीटरहून लहान ठिपक्यांबाबत तर सी. टी. अहवालात ‘निश्चित सांगता येत नाही’ असेच पुष्कळदा लिहिलेले असते. असे ठिपके कर्करोगाच्या रुग्णातही बहुतांश वेळा निरुपद्रवी निघतात. या वाक्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ते लिहिणारा तज्ज्ञ प्रामाणिक आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करून तुलना करतात किंवा एम. आर. आय. करतात. जेथे शंका उरते आणि उत्तरावर उपचार अवलंबून असतात, तेथे सुईने तुकडा काढून तपासावाच लागतो. सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत समाजात फार खोल आहे. तशी शक्यता अल्प आहे. मात्र शस्त्रक्रियेने काढता येण्याजोग्या काही गाठींना शल्यचिकित्सक स्वतःच सुई लावणे टाळतात. हा निर्णय त्यांच्यावर सोपवावा, शेजाऱ्यांवर नव्हे.

एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरींनी चित्र तयार होते. यकृतासाठी तिचे विशेष महत्त्व एका औषधामुळे वाढले. गॅडोक्सेटिक आम्ल नावाचे हे कॉन्ट्रास्ट निरोगी यकृतपेशी स्वतःत ओढून घेतात आणि पित्तावाटे बाहेर टाकतात. सुमारे वीस मिनिटांनी चित्र घेतले की सारे यकृत शुभ्र दिसते, आणि ज्या जागी यकृताच्या पेशीच नाहीत, म्हणजे जेथे परकी गाठ आहे, ती जागा काळी राहते. लहान गाठी मोजण्यासाठी आज हीच पद्धत सर्वांत भरवशाची मानली जाते. रक्ताच्या यकृत-तपासणीवर विसंबून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की यकृतात अनेक गाठी असतानाही रक्ताचे आकडे सामान्य असू शकतात.

मोजणीला एवढे महत्त्व का? एकेकाळी यकृतातील सेकंडरी म्हणजे रोग शेवटच्या पायरीवर पोहोचला, असे सरसकट मानले जाई. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत ही समजूत आता टिकत नाही. निवडक रुग्णांत यकृताचा बाधित भाग काढून टाकल्यावर दहांपैकी सुमारे चार रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असा जगभरातील मोठ्या केंद्रांचा अनुभव आहे. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. अवयव निरोगी असेल तर मूळ आकारमानाच्या चतुर्थांशाच्या आसपास भाग राखला तरी माणूस जगू शकतो. दीर्घकाळ केमोथेरपी झाली असेल तर अधिक, आणि यकृत आधीच निबर झाले असेल तर त्याहूनही अधिक भाग राखावा लागतो. फ्रान्सचे शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी यकृताचे आठ विभाग दाखवून दिले होते. प्रत्येकाला आपली रक्ताची वाट आहे. सी. टी. वरून गाठ कोणत्या विभागात आहे, मोठ्या शिरेपासून किती अंतरावर आहे आणि कापल्यावर किती यकृत उरेल, याचे मोजमाप शस्त्रक्रियेपूर्वीच करता येते. कापड बेतल्याशिवाय कात्री लावू नये, हा व्यवहार येथेही आहे. उरणारा भाग अपुरा भरत असेल तर काढावयाच्या बाजूची पोर्टल शीर आतून बंद करतात; काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढते आणि मग शस्त्रक्रिया होते. हे सारे चित्राच्या मार्गदर्शनाखाली चालते.

येथे एक सूचना विशेष आहे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर नंतर भरपाई होत नाही. यकृताचे उत्तम चित्र केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी काढलेले असावे. औषधाने काही गाठी इतक्या आकसतात की सी. टी. त दिसेनाशा होतात. घरात पेढे वाटले जातात. परंतु दिसेनाशी झालेली गाठ नाहीशी झालेली असतेच असे नाही. पुष्कळदा त्या जागी जिवंत पेशी शिल्लक राहतात. शिवाय काही औषधांनी यकृतात चरबी साठते आणि नंतरची चित्रे अधिकच धूसर होतात. आधीचा नकाशा नसेल तर शल्यचिकित्सकाने कोणती जागा काढावी? म्हणून पहिल्या तपासणीची केवळ अहवालाची पाने न ठेवता मूळ सी. डी. जपून ठेवावी, आणि दुसऱ्या शहरात जाताना ती बरोबर न्यावी. अहवाल हे एका तज्ज्ञाचे मत असते, सी. डी. त मूळ पुरावा असतो.

आता ज्या तपासणीचे नाव सर्वांच्या तोंडी असते त्या पेट स्कॅनकडे वळू. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट केंद्र मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाले. हे सेंटर टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्यामुळे अणुशास्त्र आणि कर्करोग-चिकित्सा यांची गाठ परळमध्ये फार पूर्वीच पडली होती. नाशिक जिल्ह्यातील किती कुटुंबांनी पहाटेची पंचवटी एक्स्प्रेस पकडून त्या आवारात दिवस काढले असतील, याची गणना नाही.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी साखर अधिक खातात, म्हणून त्या चकाकतात. या फ्लोरीनचे आयुष्य थोडे. ११० मिनिटांत त्याची शक्ती निम्मी होते. मुंबईत पहाटे चार वाजता भरलेली मात्रा सात वाजून चाळीस मिनिटांनी पाव उरलेली असते. कसारा घाटात वाहतूक खोळंबली तर औषध वाटेतच विरू लागते. ज्या शहरात सायक्लोट्रॉन नाही तेथील केंद्र रुग्णाला अमुक वाजताच हजर राहा असे का बजावते, ते यावरून कळेल.

या तपासणीचे बळ असे की यकृताबाहेर, फुप्फुसात, हाडांत किंवा ग्रंथींत रोग गेला आहे काय, हे एकाच वेळी दिसते; त्यामुळे निरर्थक मोठी शस्त्रक्रिया टळू शकते. पण यकृतातील अगदी लहान गाठी, तसेच चिकट द्रव धरणाऱ्या काही गाठी तीत दिसत नाहीत. यकृत स्वतःही साखर घेते आणि श्वासाबरोबर हलते, त्यामुळे बारीक ठिपका पुसट होतो. ‘पेटमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. सर्वांत महाग तपासणी ती सर्वांत चांगली, हा बाजाराचा नियम येथे लागू पडत नाही.

मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा अवघड शब्द घरोघरी पोहोचला. या जातीच्या गाठी पुष्कळदा यकृतात पसरतात, परंतु त्यांची चाल अनेकदा मंद असते. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांची स्वादुपिंडातील अशीच गाठ २००३ साली मूत्रपिंडाच्या कारणाने केलेल्या सी. टी. त सापडली, पुढे यकृतात प्रसार झाला, २००९ साली यकृत प्रत्यारोपण झाले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. या मंद गाठी साखरेच्या पेट स्कॅनमध्ये फारशा चकाकत नाहीत. त्यांच्या पेशींवर मात्र एक विशिष्ट ग्राहक असतो. त्यालाच चिकटणारे गॅलियम-६८ युक्त औषध दिले की त्या स्पष्ट दिसतात. त्याच ग्राहकावर गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ पाठवले, तर ते गाठीला आतून जाळते. ज्या पत्त्यावर तपासाची चिठ्ठी पोहोचली त्याच पत्त्यावर औषध पाठवण्याचा हा प्रकार. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत हे ल्युटेशियम तयार होते आणि परळच्या केंद्रात त्याने रुग्णांवर उपचार होतात. अर्थात हे या जातीच्या गाठींपुरते आहे. आतड्याच्या सामान्य कर्करोगाच्या रुग्णाने त्यासाठी धावाधाव करू नये.

खर्चाविषयी थोडेसे. नाशिकमध्ये आता सी. टी., एम. आर. आय. आणि पेट-सी. टी. या तिन्ही तपासण्या होतात आणि कर्करोगाची स्वतंत्र रुग्णालयेही आहेत. प्रत्येक चित्रासाठी मुंबई गाठण्याची आवश्यकता राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगावरील अनेक उपचार होतात. तपासणीचा कोणता खर्च त्यात धरला आहे, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारावे. पावती फाडल्यानंतर विचारून उपयोग होत नाही. साह्य देणाऱ्या संस्थांनीही अर्जावर रकमेबरोबर एक प्रश्न छापावा: या तपासणीच्या उत्तराने उपचारात कोणता बदल होणार आहे? डॉक्टरांनी तेथे एक ओळ लिहिली की पुरे. जेथे रुग्ण अत्यंत क्षीण आहे आणि कोणतेही उत्तर आले तरी उपचार तेच राहणार, तेथे दर महिन्याच्या स्कॅनसाठी दिलेला पैसा वेदनाशमनासाठी आणि शुश्रूषेसाठी अधिक कारणी लागेल.

शेवटी, आपल्या समाजापुरती एक बाब. कॉन्ट्रास्ट सी. टी. पूर्वी साधारणतः चार-सहा तास अन्न वर्ज्य असते, पेट स्कॅनपूर्वी सहा तास. पाणी मात्र चालते, किंबहुना घ्यावेच असे सांगितले जाते. चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य असते. शरीरात पाणी कमी असताना आयोडीनयुक्त औषध गेले तर मूत्रपिंडांवर ताण येण्याचा धोका वाढतो, विशेषतः वृद्ध आणि मधुमेही रुग्णांत. उपवास चालू असल्याचे संकोचाने न सांगता तपासणीस बसणारी मंडळी असतात. असे करू नये. पर्युषणात तपश्चर्या चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की तपासणी पारण्यानंतर चार दिवसांनी केली तर चालेल काय. पुष्कळदा ती चालते, आणि जेथे चालत नाही तेथे गुरुमहाराजांना विचारून पच्चक्खाणाचा विचार करता येतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांनी ती कधी थांबवायची हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, आणि रक्तातील क्रिएटिनिनचा अलीकडचा आकडा बरोबर न्यावा. औषध टोचण्यापूर्वी तेथील तंत्रज्ञ तोच आकडा प्रथम मागतो.